भूमिकाला काय काय येतं

धुळ्याच्या देवपुरात कॉलेजच्या मागच्या गल्लीत सुमनबाईची खानावळ आहे. खानावळ म्हणजे पुढच्या खोलीत दोन लांब बाकं, मागच्या खोलीत शेगडी आणि बावीस पोरांचे डबे. शिरपूर, साक्री, दोंडाईच्याकडून शिकायला आलेली ही पोरं तिची शेवभाजी खातात आणि सुट्टीत घरी गेली की आईच्या भाजीला नावं ठेवतात. बोलायला बाई फटकळ. भाकरी कच्ची राहिली म्हणणाऱ्या एका पोरापुढे तिने परात सरकवली आणि "थाप" म्हणाली. त्या दिवशी बावीस जणांनी त्याने थापलेल्या भाकरी मुकाट्याने खाल्ल्या. पण हे तिचं रोजचं फणकारणं झालं. खरा संताप काय असतो ते गल्लीने गेल्या वर्षभरात पाहिलं.

नवरा लोटन ट्रकवर ड्रायव्हर होता. आग्रा रोडवर अर्धं आयुष्य काढून तो घरच्या पलंगावर, झोपेत गेला, त्याला चार वर्षं झाली. मागे राहिली दोन मुलं. थोरला हितेंद्र जळगावला एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात आहे. धाकटी भूमिका एकोणीस वर्षांची. ती उशिरा चालली, त्याहून उशिरा बोलली, आणि शाळेत घातली तेव्हा तिसऱ्या महिन्यात बाईंनी सुमनबाईला बोलावून सांगितलं की ही इथे नको, हिच्यासाठी वेगळी शाळा असते. डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलं. सुमनबाईने ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. तिच्या मते पोरीला शिकवायला कुणाला वेळ नाही, एवढाच काय तो आजार.

पोर त्या वेगळ्या शाळेत जायला लागली, पण घरी तिने स्वतः शिकवलं. आणि शिकवलं काय, तर तिला जे शिकवलं गेलं होतं तेच. सोळाव्या वर्षी दोंडाईच्याला तिला पाहायला पाहुणे आले होते, त्याआधी आठ दिवस तिच्या काकूने तिच्याकडून घोकून घेतलं होतं: नाव पूर्ण सांगायचं, वडिलांचं नाव, गाव, मामाचं गाव, स्वयंपाक येतो का विचारलं तर "हो, येतो" म्हणायचं आणि खाली बघायचं. हेच पाच प्रश्न सुमनबाईने कणीक मळता मळता भूमिकाकडून रोज संध्याकाळी वदवून घेतले. सहाव्या वर्षापासून. भूमिकाला ते यायला तीन वर्षं लागली, पण आले ते असे आले की झोपेतून उठवून विचारा.

त्यामागे बाईचा हिशेब साधा होता. लग्नात, वास्तूला, तेराव्याला येणारं माणूस पाच प्रश्नांच्या पुढे कधी जात नाही. इस्त्रीचा ड्रेस घातलेली, वेणी घट्ट घातलेली पोर पाच उत्तरं नीट देते, मग पुढे कोण विचारतंय? आणि एखादी चोंबडी बाई सहाव्या प्रश्नावर आलीच, तर सुमनबाई लांबून हाक मारायची, "भूमे, पानी लई ये!" भूमिका उठायची. सहावा प्रश्न हवेत राहायचा. बारा वर्षं अर्ध्या नातेवाइकांना पत्ता लागला नाही की या पोरीला घरात एकटं सोडता येत नाही. शेगडीजवळ उभी राहिली तर ओढणी कुठे जातेय तिला कळत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातून परतताना ती उलट्या बाजूला चालू लागते, आंघोळीचं पाणी कडकडीत आहे की कोमट हे आईने आधी हात घालून बघावं लागतं. हे सगळं सुमनबाईने एकटीने पेललं आणि कुणाला दिसू दिलं नाही. तिला याचा अभिमान होता. तो अभिमानच तिला नडला.

अठरा पूर्ण झाली आणि ती वेगळी शाळाही संपली. त्या शाळेत अठरानंतर ठेवत नाहीत. पण हे भूमिकाला कोण सांगणार? ती रोज सकाळी पावणेनऊला तयार होऊन दारात उभी राहायची, कारण पावणेनऊला रिक्षा यायची. रिक्षा येईना. साडेदहापर्यंत ती उभी राहायची, मग आत येऊन बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायची. दुपारी पोरं जेवायला आली तरी उठायची नाही. सहा महिने हे चाललं. हळूहळू तिचं बोलणं कमी झालं, पाच उत्तरांतलं मामाचं गाव ती एकदा विसरली, तेव्हा सुमनबाईने कणीक मळायची थांबवली.

मार्ग सांगितला सिताराने. सिताराचा मुलगा आवेज भूमिकाच्याच शाळेत होता. सिताराचा नवरा मुख्तार गाद्या भरतो, आणि ती घरी रजायांना टाके घालते. दोन वर्षांपूर्वी तिने आवेजसाठी शहरातली एकूण एक खिडकी पालथी घातली होती. कुठल्या कचेरीत सकाळी जायचं, कुठे फोटो चिकटवायचा आणि कुठे फक्त टाचणी लावायची, कुठला साहेब गुरुवारी नसतो, सगळं तिला पाठ. सरकारने जे कुठे लिहून लावलेलं नाही, ते सिताराच्या डोक्यात होतं.

"अक्का, आपल्या देवपुरातच अठरावरच्या पोरांची कार्यशाळा शे," ती म्हणाली. "फाइली बनाडतस, कागदी पिशव्या बनाडतस. रिक्षा घराले येस. आवेज दोन वर्षांपासून जातो. पण सर्टिफिकेट लागतं. चाळीस टक्के अपंगत्व लिहिलेलं. त्याच्याशिवाय ते दारात उभं करत नाहीत."

ते एकच सर्टिफिकेट. पुढे सुमनबाईला कळलं की निराधार योजनेचा अर्ज, एसटीचा सवलतीचा पास, आई मेल्यावर मुलीचा पालक कोण हे ठरवणारी समिती, सगळ्यांची दारं याच एका किल्लीने उघडतात. पण तिला तेव्हा बाकी काही नको होतं. पोर पुन्हा पावणेनऊला रिक्षात बसली पाहिजे, एवढंच हवं होतं.

ऑनलाइन अर्ज भरला. ऑगस्टमध्ये तपासणीची तारीख आली. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात दोनशे माणसं होती. कुणी कुबड्यांवर, कुणी आईच्या कडेवर, कुणी स्ट्रेचरवर. भूमिका इस्त्रीच्या ड्रेसमध्ये, घट्ट वेणी घालून बसली होती. सुमनबाईने आठ दिवस आधीपासून तिची तयारी घेतली होती. रंग, दहापर्यंत आकडे, वार. सिताराकडून तिने हेही काढून घेतलं होतं की आत लाकडी ठोकळे खाचेत बसवायला देतात. तसा एक खेळ तिने बाजारातून आणला आणि पोरीकडून शंभर वेळा बसवून घेतला. कशासाठी? याचं उत्तर द्यायला सुमनबाईला पुढे फार जड गेलं. मोठ्या डॉक्टरांसमोर पोरीचं हसं होऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. ज्या बाईने आयुष्यभर पोरीला पाहुण्यांपुढे बसवलं, तिने डॉक्टरांनाही पाहुणेच समजलं.

आणि त्यात नशिबाने अजून एक काडी घातली. रांगेत मागेच एक बाई होती, भडगावची. हितेंद्रचं तेव्हा भडगावला जमत आलं होतं, आणि ही बाई नेमकी त्या मुलीची आत्या निघाली. आपल्या सासऱ्यांना घेऊन आली होती. तिने सुमनबाईला ओळखलं, हसली, आणि विचारलं, "कोनासाठी ऊन्यात?" सुमनबाईने पोरीला कसलासा दाखला हवा असं ठोकून दिलं.

आत एका टेबलाशी दोन खुर्च्या. दार उघडंच. भूमिकाने रंग सांगितले, ठोकळे झटक्यात बसवले, आणि शाबासकीसाठी आईकडे बघितलं. मग टेबलामागच्या दमलेल्या माणसाने मान वर न करता आईला विचारायला सुरुवात केली. एकटी आंघोळ करते? कपडे स्वतः घालते? बाहेर एकटी जाते? पैसे कळतात? स्वयंपाक?

दारात भडगावची आत्या कान टवकारून उभी.

"करते," सुमनबाई म्हणाली. "घालते. जाते. कळतात. हो, येतो स्वयंपाक." आणि सगळंच येतं हे दारापर्यंत पोचावं म्हणून मोठ्याने वर म्हणाली, "मन्ही पोरले बठ्ठं येस, साहेब."

चार मिनिटं लागली. कुणी तिला सांगितलं नाही की हे प्रश्न कशासाठी आहेत. कुणी म्हटलं नाही की बाई, दार लावून घेऊ, खरं काय ते बोला. पुढचा नंबर पुकारला गेला.

महिन्याने सर्टिफिकेट आलं. पंचवीस टक्के.

सितारा ते हातात धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अक्का, काय करी बठनी तू?" सगळं ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला. "अक्का, तिथे पोरीचं कौतुक नाही करायचं. तिथे आपलं जे घरात झाकलेलं असतं ना, ते उघडं करायचं असतं. मी तुला हे सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं तुला माहीत असेल."

तिथून सुमनबाईचे हेलपाटे सुरू झाले. कार्यशाळेतल्या बाई भल्या होत्या, त्यांनी चहा दिला, पण कागद परत केला. तहसीलमध्ये निराधारच्या टेबलावरच्या माणसाने पंचवीसचा आकडा बघितला आणि हसून म्हणाला, "मावशी, पंचवीस टक्के तर आम्ही सगळेच आहोत." मागे उभे असलेलेही हसले. सुमनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही रात्री झोपेत अंथरूण ओलं करता का?" तिने भर कचेरीत विचारलं. हसणं थांबलं. पण काम झालं नाही. फेरतपासणीसाठी दवाखान्यात गेली तर म्हणाले ऑनलाइन करा, ऑनलाइन करायला गेली तर सायबर कॅफेतला पोरगा म्हणाला दवाखान्यातून आधीचा अर्ज बंद करून आणा, आणि या दोघांच्या मधला रस्ता तिने भर उन्हात सात वेळा तुडवला. प्रत्येक वेळी भूमिकाला बरोबर घेऊन, कारण तिला ठेवणार कुठे? जिला एकटं ठेवता येत नाही तिला एकटं ठेवता येत नाही हे सिद्ध करायला, तिला सगळीकडे ओढत न्यावं लागत होतं, आणि खिडकीतल्या एकालाही यात काही चमत्कारिक दिसत नव्हतं!

डिसेंबरात हितेंद्रचं लग्न झालं. भूमिका मांडवात पाच उत्तरं देत फिरली. जानेवारीत एका दुपारी त्याचा फोन आला.

"माय, भूमीचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट निघालं का? ऑफिसात टॅक्सचे पुरावे द्यायचे आहेत. अपंग बहीण सांभाळत असलं तर कलम ऐंशी-डीडीमध्ये सूट मिळते. पंचाहत्तर हजार उत्पन्नातून वजा होतात. फक्त चाळीस टक्के तरी पाहिजेत."

सुमनबाईच्या हाताला पीठ होतं. तिने फोन खांद्याने दाबून धरला होता, तो हातात घेतला.

"कोन सांभायस रे?"

"तसं लिहायचं असतं फक्त, माय. ती माझ्यावर अवलंबून आहे, मी तिच्यावर खर्च करतो, असं."

"तू तिनावर कव्हय खर्च करा, हितू? लगीनमा तिना फोटोबी नही काढू दिधा तू. तुनी बायकोले माहीत शे का, तुले कशी बहीण शे ती?"

तो म्हणाला की तू उगाच तापतेस, यात कुणाचं नुकसान नाही, सरकारच देतं. तिने फोन कापला. ज्याच्या सोयरिकीपायी तिने उघड्या दारासमोर बसून "बठ्ठं येस" म्हटलं होतं, त्याला आता पोर अपंग हवी होती. मार्चच्या आत. त्या दिवशी भाकरी अशा थापल्या गेल्या की गल्लीच्या तोंडापर्यंत आवाज जात होता, आणि जेवायला आलेल्या पोरांनी मीठ कमी आहे हेही सांगितलं नाही.

फेरतपासणीची तारीख शेवटी एप्रिलची मिळाली, आणि ती मिळवून दिली नवलने. नवल कचेरीबाहेर छत्रीखाली टेबल टाकून फॉर्म भरतो. त्याने सहज, जणू पिशवी कुठे ठेवा सांगावं तसं, सांगितलं, "अक्का, या वेळी पोरीला शिकवून आणा. काही विचारलं की माहीत नाही म्हणायचं. नाहीतर गप्प बसायचं. सगळे असंच करतात."

सुमनबाईने ते केलं. हे सांगताना लपवण्यात अर्थ नाही, तिने ते केलं.

कणीक मळता मळता ती विचारायची, "तुनं नाव काय शे?" भूमिका हसून पूर्ण नाव सांगायची आणि शाबासकीची वाट बघायची. "नही. सांगानं नही. माहीत नही म्हन." भूमिकाला वाटलं आपलं चुकलं. तिने पुन्हा, अजून मोठ्याने, अजून नीट, वडिलांच्या नावासकट सांगितलं. मग गाव सांगितलं. मामाचं गावही तिला त्या दिवशी आठवलं, तेही सांगितलं. जेवढी आई चिडत होती तेवढी ती आपल्याजवळ असलेलं सगळं काढून पुढे ठेवत होती. चौथ्या दिवशी सुमनबाईचा हात उठला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. पोरीला थोबाडीत मारली, ती स्वतःचं नाव बरोबर सांगितलं म्हणून.

भूमिका रडली नाही. गालाला हात लावून आईकडे बघत राहिली. तिला जे कळायचं ते कळलं. सहाव्या दिवशी नाव विचारल्यावर ती म्हणाली, "माहीत नही." आठव्या दिवशी काहीच म्हणेना.

एप्रिलमध्ये या वेळी टेबलामागे दुसरं कुणी होतं. सादिया नावाची तरुण मानसशास्त्रज्ञ, नुकतीच लागलेली. तिने उठून स्वतः दार लावलं. सुमनबाई त्या लागलेल्या दाराकडे बघत राहिली. इतकं सोपं होतं हे. एक दार लावायचं होतं.

"नाव काय तुझं?" सादियाने विचारलं.

भूमिका गप्प. ठोकळे पुढे ठेवले, तिने हात मांडीखाली घातले. लाल रंग दाखवला, तिने डोळे मिटले. सादियाने दोन-तीनदा प्रेमाने विचारून पाहिलं, मग पेन खाली ठेवलं आणि आईकडे वळली.

"मावशी, हिला शिकवून आणलंय का?"

आणि इथे सुमनबाई फुटली. तो आवाज बाहेर व्हरांड्यात शेवटच्या बाकापर्यंत गेला, शिपाई धावत आला, सादियाने त्याला हातानेच परत पाठवलं.

"हो, शिकवून आणलंय! मागच्या वेळीही शिकवूनच आणलं होतं. तेव्हा येतं म्हणायला शिकवलं, आता येत नाही म्हणायला शिकवलं. मारून शिकवलं. तुमच्या कागदासाठी मी माझ्या पोरीला तिचं नाव विसरायला लावलं. तुम्ही कुणी सांगितलं का मला, काय विचारणार, कशाला विचारणार? दार उघडं टाकून विचारता, एकटी आंघोळ करते का! सोयरे मागे उभे होते माझे. कोणती आई सांगेल? तुमचा माणूस मान वर करून बघत नाही, तहसीलचा माणूस हसतो, पोरगा टॅक्ससाठी फोन करतो, आणि बाहेरचा फॉर्मवाला म्हणतो तिला गप्प बसव. तिला ठोकळे बसवता येतात, बाई. शंभर वेळा बसवलेत तिने. पण घराला आग लागली तर ती आतच बसून राहील. त्याचे किती टक्के होतात ते सांगा मला!"

सादियाने पेन पुन्हा उचललं. मग म्हणाली, "मावशी, हे सांगितलंत ना आता, तेच मला लिहायचं आहे. ठोकळ्यांवरून अर्धंच ठरतं. बाकीचं तुम्हाला विचारायचं असतं, रोजचं आयुष्य कसं चालतं ते. आणि चाचणी करायला मला ती गप्प नको आहे. तिला जे येतं ते करू दे. खरं सांगितलंत तर जेवढे असतील तेवढे टक्के होतील."

म्हणजे गप्प बसवायची गरजच नव्हती. ते आठ दिवस, ती थोबाडीत, कशाचीच गरज नव्हती. सुमनबाईला हे त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं आणि तिला वाटलं की कुणाच्या तरी अंगावर टेबल उलटं करावं. पण कुणाच्या? नवलच्या, तहसीलवाल्याच्या, हितेंद्रच्या, की आरशातल्या बाईच्या? ती बसून राहिली.

चाचणी दोन दिवस चालली. पहिल्या दिवशी भूमिकाने मांडीखालचे हात काढलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सादियाने तिला खडू दिले, चहाला नेलं, मग हळूहळू तिने ठोकळे बसवले. प्रत्येक ठोकळ्याआधी आईकडे बघत. मग आईचे प्रश्न आले. दार लावलेलं होतं, पण भूमिका खोलीतच होती, तिला बाहेर बसवता येत नव्हतं.

"एकटी आंघोळ करते?"

"नाही. पाणी मी बघते. केस मी धुते."

"माले येस ना, माय," भूमिका म्हणाली. तिचे त्या दिवसातले पहिले शब्द.

"बाहेर एकटी जाते?"

"नाही. हरवते. दोनदा हरवली. एकदा पांझरेच्या पुलावर सापडली."

"येस माले."

"पैसे?"

"नाही कळत."

"कळतात," भूमिका म्हणाली. आईने तिला तसंच शिकवलं होतं. पाहुण्यांसमोर असं म्हणायचं असतं.

पासष्ट-सत्तर प्रश्न होते. सुमनबाईने एकाही ठिकाणी झाकलं नाही. पाळीच्या दिवसांत काय करावं लागतं, कुकरची शिट्टी झाली की ती कशी कानावर हात ठेवून पलंगाखाली जाते, अनोळखी माणसाने चॉकलेट दिलं तर ती कुणाच्याही मागे जाईल ही भीती, सगळं सांगितलं. बारा वर्षं नातेवाइकांपासून जपलेलं तिने एका सकाळी टेबलावर ओतलं. शेवटी शेवटी भूमिका "येस" म्हणायची थांबली होती. ती नुसती ऐकत होती. आई आपल्याबद्दल काय म्हणते हे तिला नीट कळत होतं. तेवढं तिला कळत होतं आणि ते मोजायला त्या सत्तर प्रश्नांत एकही प्रश्न नव्हता.

नवं सर्टिफिकेट मे महिन्यात आलं. पन्नास टक्के.

हितेंद्रला ते कुणाकडून तरी कळलं. त्याचा मेसेज आला, माय, फोटो काढून पाठव, मार्च गेला तरी रिटर्नमध्ये दाखवता येईल. सुमनबाईला मेसेज लिहिता येत नाही, तिने फोन लावला आणि त्याला एकच सांगितलं, "कागद पाहिजे व्हई तं धुयाले ये. बायकोले लई ये. बहीणसंगे पंगतमा बस, मंग तुनं काय ते टॅक्सचं देखू." तो अजून आलेला नाही. कागद सुमनबाईच्या पत्र्याच्या पेटीत आहे.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी दोघी कार्यशाळेत गेल्या. सितारा बरोबर होती. एक जागा शिल्लक होती. दारातच आवेजने भूमिकाला बघितलं, हातातली अर्धी चिकटवलेली पिशवी टाकून धावत आला आणि तिचा हात धरून हलवत राहिला. भूमिका एवढंसं हसली. सुमनबाईला वाटलं, झालं. सुटलो.

त्या भल्या बाईंनी प्रवेशाचा फॉर्म काढला, चष्मा लावला. सर्टिफिकेट बघून मान डोलावली. मग फॉर्मवरून नजर उचलून, आईला न विचारता, सरळ भूमिकालाच विचारलं, "काय बेटा, नाव काय तुझं?"

भूमिका बाईंकडे बघत राहिली. तोंड उघडलं, मिटलं. मग ती आईकडे वळली. तिचा एक हात आपोआप गालाशी गेला.

"माय," तिने हळूच विचारलं, "सांगू का?"

सिताराने तोंड फिरवलं. बाई पेन धरून थांबल्या. सुमनबाईने सर्टिफिकेट टेबलावरून उचललं, परत ठेवलं, कुठे हात ठेवावा तिला कळेना. ज्यांना शिव्या द्यायच्या होत्या त्यांच्यातलं त्या खोलीत कुणीच नव्हतं. तिच्याशिवाय.

"सांग," ती म्हणाली. "सांग वं माय. बठ्ठं सांग. आते कोनी मारणार नही."

भूमिकाने नाव सांगितलं. फक्त पहिलं नाव. आणि पुढचा प्रश्न यायच्या आधी पुन्हा आईकडे बघितलं.